निरोप केव्हां द्यावा ?

गेल्या दिवाळींत आमच्या निलंग्याच्या घरीं सारें कुटुंब जमलें होतें. भाऊबीज आटोपली, फराळाचीं ताटें उचललीं गेलीं आणि पुढील सोप्यांत गप्पांना रंग चढला. तेव्हां माझ्या पुतण्यानें एक प्रश्न सर्वांपुढें ठेवला. "काका, लोकांच्या उपयोगाचें एक काम मीं सुरू केलें होतें. आठ वर्षें त्यास हात लाविलेला नाहीं. तें रीतसर बंद करावें, कीं आहे तसेंच राहूं द्यावें ?" काम संगणकाचें असल्यामुळें प्रथम आम्हां वडील माणसांना वाटलें, यांत आपण काय सांगणार ! परंतु बोलतां बोलतां ध्यानांत आलें कीं, लोकांना दिलेला शब्द कोठवर पाळावयाचा आणि पाळणें अशक्य झाल्यास काय करावयाचें, हाच मूळ प्रश्न आहे. असे प्रश्न प्रत्येक नांदत्या घरांत उपस्थित होतात. म्हणून या खेपेचें सदर त्यालाच दिलें आहे.

प्रथम त्या कामाची हकीकत सांगतों. माझे वडील बंधु कै. दादा शिक्षकाच्या नोकरींतून निवृत्त झाल्यावर या परिसराच्या इतिहासाचीं टिपणें करूं लागले. गांवांतील नीलकंठेश्वराचें जुनें देऊळ, खरोशाचीं लेणीं, औशाचा व उदगीरचा किल्ला, यांविषयीं सुमारें चारशें पृष्ठें त्यांनीं स्वतः संगणकावर टंकलिखित केलीं. पुढें तो संगणक बिघडला, नवा आला. आणि फाइल उघडून पाहतात तों मराठीचें एकही अक्षर नाहीं! सारा इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा बुजबुजाट.

याचें कारण असें कीं, त्या काळचे बहुतेक मराठी टंक एका युक्तीवर चालत. संगणकाच्या पोटांत इंग्रजी अक्षराचाच क्रमांक सांठविलेला असे; पडद्यावर मात्र त्या क्रमांकाच्या घरांत मराठी अक्षराचें चित्र बसविलेलें असे. टंक गेला कीं चित्र गेलें आणि खालचें इंग्रजी अक्षर उघडें पडलें. त्यांतही प्रत्येक टंक करणाराचीं घरें निराळीं. जगांतील प्रत्येक लिपीच्या अक्षरास एकच ठराविक क्रमांक देणारी युनिकोड पद्धति १९९१ सालीं प्रसिद्ध झाली व तींत देवनागरी पहिल्यापासून होती. परंतु आपल्याकडील छापखाने आणि कचेऱ्या यांच्या अंगवळणीं ती पडावयास पुष्कळ वर्षें लागलीं. तोंवर जें लिहिलें गेलें, तें सारें जुन्या टंकांच्या कुलपांत अडकून पडलें.

माझा पुतण्या तेव्हां पुण्यास शिकत होता. २०११ च्या उन्हाळ्यांत त्यानें जुन्या टंकांतील मजकूर युनिकोडमध्यें आणून देणारी एक लहानशी आज्ञावली लिहिली. दादांचीं चारशें पृष्ठें पुन्हां वाचतां येऊं लागलीं. त्या संध्याकाळीं दादांनीं पहिलें पान मोठ्यानें वाचून दाखविलें, हें मला अद्यापि आठवतें. पुतण्यानें त्या आज्ञावलीस वडिलांचें नांव दिलें आणि ती जगास मोकळी केली. २०१४ सालीं दादा गेले.

'मोकळी केली' या शब्दांचा अर्थ येथें सांगितला पाहिजे. शेजारणीस लाडू देणें निराळें आणि लाडवांची कृति लिहून देणें निराळें. बाजारांतील पुष्कळसें सॉफ्टवेअर लाडवासारखें असतें; खावें, पण आंत काय घातलें तें विचारूं नये. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्यें कृतीच हातीं देतात. ती वाचावी, वापरावी, सुधारावी, दुसऱ्यास द्यावी, अशी मुभा परवान्यांतच लिहिलेली असते. अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं या चळवळीची घोषणा केली व १९८९ सालीं तिचा 'जीपीएल' हा परवाना प्रसिद्ध झाला. १९९१ सालीं फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें आरंभिलेली लिनक्स ही प्रणाली पुढें त्याच परवान्याखालीं वाढली. मराठीलाही या दानाचा लाभ झालेला आहे. रेड हॅट या कंपनीनें २००४ सालीं 'लोहित' नांवाचे भारतीय लिप्यांचे टंक असेच मोकळे केले. त्यांवरील पुष्कळ काम पुढें पुण्यांतील अभियंत्यांनीं केलें. लोहित म्हणजे तांबडा, आणि कंपनीच्या नांवांतही तांबडी टोपीच !

पुतण्याची आज्ञावली या मानानें अगदींच लहान. तरीही एक सेवानिवृत्त शिक्षक, दोन-तीन वाचनालयें, कांहीं छापखाने असे लोक ती वापरूं लागले. आरंभीं तो प्रत्येकाच्या पत्रास उत्तर देई, चुका दुरुस्त करी. पुढें नोकरी लागली, लग्न झालें, मूल झालें. २०१७ नंतर त्यानें तिला हात लाविला नाहीं. लोक मात्र ती घेतच राहिले. कारण ती स्वस्थ पडलेली आहे असें तिच्या पानावर कोठेंही लिहिलेलें नव्हतें.

गेल्या वर्षांत त्यास तीन पत्रें आलीं. पहिलें विनोदी होतें. एका समारंभाच्या स्मरणिकेंत आभार मानावयाचे होते आचाऱ्यांचे, आणि छापून आले आचार्यांचे ! स्वयंपाकी मंडळी खूष झाली असतील, असें त्या गृहस्थानें लिहिलें होतें. त्या टंकाच्या पुढील आवृत्तींत 'ऱ्य' मधील आडवा र निराळ्या घरांत हलविलेला होता. पुतण्याच्या आज्ञावलीस तें ठाऊक नव्हतें, म्हणून ती प्रत्येक ठिकाणीं साधा रफार देत होती.

दुसऱ्या पत्रांत तीच चूक होती, पण हसूं येण्यासारखी नव्हती. त्या सेवानिवृत्त शिक्षकांनीं आपल्या आईच्या तोंडच्या ओव्या पूर्वीं टिपून ठेविल्या होत्या, तीनशें पानें. तीं त्यांनीं या आज्ञावलीनें युनिकोडमध्यें आणलीं, वरवर चाळून पाहिलीं, आणि जागा अडते म्हणून मूळ फाइली पुसून टाकल्या. नंतर वाचावयास बसले तों जागोजाग घोटाळा. कोठें समुद्राचा दर्या आहे आणि कोठें डोंगरांतल्या दऱ्या आहेत, तें आतां कोणतीही आज्ञावली सांगूं शकणार नाहीं. "दोष तुमचा नाहीं, मींच घाई केली," असें त्यांनीं लिहिलें होतें. पुतण्या म्हणाला, "काका, तें वाक्य वाचल्यापासून मला झोंप नाहीं."

तिसरें पत्र एका अपरिचिताचें होतें. "आपणांस वेळ नसल्यास ही आज्ञावली मजकडे सोंपवा, मी चालवीन," एवढाच मजकूर.

घरांत तीन पक्ष पडले. वहिनींचें म्हणणें, बंद करूं नये. "त्यांच्या नांवाचें आहे तें. चालत असलेलें मुद्दाम कशास मिटवायचें ?" माझें म्हणणें, त्या तिसऱ्या गृहस्थास द्यावें, विद्या दिल्यानें वाढते, आणि आपण होऊन कोणी ओझें उचलावयास येत असेल तर नाहीं कां म्हणावें? पुतण्या स्वतः बंद करण्याच्या बाजूचा होता, पण आईपुढें तसें म्हणावयास धजत नव्हता.

माझ्या मताचा निकाल सूनबाईनें लाविला. ती लातुरास बँकेंत आहे. किल्ल्या कोणाच्या हातीं असाव्या याची तिला संवय. तिनें विचारलें, "या गृहस्थांनीं आजवर एखादी दुरुस्ती करून पाठविली आहे का ?" पाठविली नव्हती. तेव्हां पुतण्यानें दोन हकीकती सांगितल्या. 'इव्हेंट-स्ट्रीम' नांवाची एक मुक्त आज्ञावली लक्षावधि लोक वापरीत. तिच्या कर्त्याचें मन त्या कामांतून उडालें होतें. २०१८ सालीं एका अनोळखी माणसानें मागितली आणि त्यानें ती देऊन टाकली. नव्या चालकानें लवकरच तींत लोकांचें बिटकॉइनचें धन चोरणारा तुकडा दडविला. दुसरी हकीकत 'एक्सझेड' या आज्ञावलीची. तिचा चालक एकटा व थकलेला. एक मदतनीस आला, दोन-अडीच वर्षें खरोखर चांगलें काम करून त्यानें विश्वास मिळविला, आणि मग संगणकांत शिरावयाचा चोरदरवाजा बसविला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास आपलें काम सुमारें अर्ध्या सेकंदानें उशिरां होत आहे असें दिसलें. त्यानें माग काढला आणि मार्च २०२४ मध्यें तो कट उघडकीस आला.

पत्र लिहिणारा आपला गृहस्थ सज्जनही असेल. त्याच्यावर आळ घेण्याचें कारण नाहीं. पण सूनबाईचा मुद्दा मला पटला. कृति मोकळीच आहे. त्यास खरोखर काम करावयाचें असेल तर त्यानें तिची प्रत घ्यावी, आपलें नांव द्यावें व चालवावी. परवान्याप्रमाणें त्यास कोणाचीही परवानगी नको. मागितलें तें काम नव्हतें, नांव होतें. आणि ज्या नांवावर लोक डोळे मिटून भरंवसा ठेवतात, तेवढी एकच वस्तु अशी आहे कीं, तिची प्रत काढतां येत नाहीं.

आतां राहिला वहिनींचा मुद्दा. त्यांतही तथ्य आहे. नुसतें स्वस्थ असणें हा दोष नव्हे. स्वयंपाकघरांतील जातें वर्षानुवर्षें बदलत नाहीं, म्हणून त्यास कोणी मेलेलें म्हणत नाहीं. तारखांचा हिशेब करणारी 'मोमेंट' नांवाची एक फार लोकप्रिय आज्ञावली आहे. तिच्या चालकांनीं २०२० सालीं जाहीर केलें कीं, आमचें काम पुरें झालें आहे, नवी भर आतां घालणार नाहीं. नव्या कामास दुसरी आज्ञावली घ्या. तें अपयश नव्हतें. परंतु जात्यालाही टांकी लावावी लागते; आणि संगणकाच्या वस्तूंची गोष्ट अशी कीं, त्या जागच्या जागीं राहिल्या तरी भोंवतालचें जग सरकतें. 'ॲ' या अक्षरास युनिकोडमध्यें स्वतंत्र क्रमांक २००८ सालीं मिळाला, व महाराष्ट्र शासनानें नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानें त्यास वर्णमालेंत स्थान दिलें. रुपयाचें नवें चिन्ह १५ जुलै २०१० रोजीं ठरलें व त्याच वर्षीं युनिकोडमध्यें आलें. त्यापूर्वीं केलेला आणि पुढें कोणीं न पाहिलेला टंक आज किंमतीची यादी छापावयास घेतला, तर रुपयाच्या जागीं रिकामी चौकट दाखवील. टंक बिघडलेला नाहीं; त्याच्याकडे पाहणारें कोणी राहिलें नाहीं, इतकेंच.

तेव्हां विचारावयाचें तें, शेवटचा बदल केव्हां झाला हें नव्हे. आज चूक सांपडली तर ती दुरुस्त करणारा कोणी आहे का, हें. अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशन या मोठ्या संस्थेनें याची चांगली रीत घालून दिली आहे. तिच्या छत्राखालील प्रत्येक प्रकल्पानें तीन महिन्यांनीं आपली खबरबात संचालक मंडळास कळवावयाची असते. नवी आवृत्ति प्रसिद्ध करण्यास निदान तीन जबाबदार माणसांचे होकार लागतात. तीन माणसेंही जागीं नसतील तर प्रकल्प मिटविण्याचा विचार होतो, मत घेतलें जातें, आणि मग तो प्रकल्प जाळीत नाहींत, पुसून टाकीत नाहींत. २००८ सालीं काढलेल्या एका निराळ्या विभागांत नेऊन ठेवतात. त्या विभागाचें नांव 'ॲटिक', म्हणजे आपला घरांतला माळा. माळ्यावरची वस्तु पाहतां येते, उतरवून घेतां येते, तिचीं लांकडें दुसऱ्या कामास लावतां येतात. पण ती रोजच्या वापरांत आहे असा गैरसमज कोणाचा होत नाहीं.

पुसून टाकण्याचा परिणाम काय होतो तेंही जगानें पाहिलें आहे. मार्च २०१६ मध्यें 'लेफ्ट-पॅड' नांवाची अवघ्या अकरा ओळींची आज्ञावली तिच्या कर्त्यानें नांवाच्या एका तंट्यावरून रागानें काढून घेतली, तर तिच्यावर विसंबलेलीं जगभरचीं हजारों कामें अडलीं. याउलट पायथॉन या भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीच्या चालकांनीं अगोदर २०१५ ची मुदत दिली होती. लोकांची तयारी नाहीं असें पाहून त्यांनीं २०१४ सालीं ती वाढविली आणि १ जानेवारी २०२० पासून ती आवृत्ति सांभाळणें थांबविलें. निरोप द्यावा तो असा. वेळ सांगून, पर्याय दाखवून.

एवढें सारें बोलणें झालें तरी वहिनी गप्पच होत्या. पुतण्याही मग बोलेना. शेवटीं त्याच उठून वरच्या तुळईकडे पाहूं लागल्या आणि म्हणाल्या, "भावोजी, ही तुळई कोठची, आठवतें ?"

आम्हांला कां आठवणार नाहीं ! ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट. आदल्या दिवशीं गणपतींचें विसर्जन झालेलें, थकलेलीं माणसें निजलेलीं, आणि चार वाजण्याच्या सुमारास धरणी हादरली. किल्लारी व भोंवतालचीं गांवें जमीनदोस्त झालीं. हजारों माणसें आपल्याच घरांखालीं गाडलीं गेलीं. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचें जड माळवद, अशीं तीं घरें पिढ्यान्‌पिढ्या उभीं होतीं. उभीं होतीं म्हणूनच कोणास त्यांची शंका आली नाहीं. आमचें घर पडलें नाहीं. मागील सोप्याच्या भिंतींस मात्र बारीक भेगा गेल्या. वडिलांनीं दुसऱ्याच महिन्यांत तो सोपा उतरविण्याचें ठरविलें. आई फार रडली. त्याच सोप्यांत तिचीं सारीं बाळंतपणें झालीं होतीं. पण वडिलांनीं ऐकलें नाहीं. माळवद उतरविलें, माती शेतांत टाकली, दगड आवाराच्या भिंतीस लाविले आणि सागवानी तुळया या पुढील सोप्यास घातल्या.

"मामंजी तेव्हां म्हणाले होते," वहिनी सांगूं लागल्या, "कीं पाहुणा आला तर तो भेगा पाहून निजत नाहीं, आपल्या नांवावर निजतो." मग जरा थांबून त्या पुतण्याकडे वळल्या. "तुझे बाबा छापलेल्या पुस्तकांत शुद्धिपत्र नसलें तर लेखकास पत्र लिहीत. त्यांच्या नांवाखालीं लोकांच्या आयांच्या ओव्या चुकताहेत हें त्यांना चाललें असतें का ? बंद कर. पण नीट बंद कर."

नीट म्हणजे कसें, तें त्याच रात्रीं सर्वांनीं मिळून ठरविलें. पुतण्यानें 'ऱ्य' ची चूक दुरुस्त करून एक शेवटची आवृत्ति काढावी. पानाच्या अगदीं माथ्यावर मराठींत व इंग्रजींत सूचना द्यावी कीं, ही आज्ञावली येत्या गुढीपाडव्यास मिटविली जाईल; तोंवर आढळलेल्या चुका कळवाव्या, त्यापुढें कोणी दुरुस्त करणार नाहीं. ज्यांच्याकडून काम चांगलें होतें अशा दुसऱ्या साधनांचीं नांवें तेथें लिहावीं. ज्ञात असलेल्या सर्व चुकांचें शुद्धिपत्र जोडावें. पाडव्यानंतर मूळ कोड वाचावयास व प्रत करावयास खुला ठेवून कुलूप घालावें. म्हणजे पाहतां येईल, बदलतां येणार नाहीं. तिसऱ्या पत्रास सभ्य उत्तर द्यावें कीं, प्रत अवश्य घ्यावी, नांव मात्र निराळें ठेवावें. शेवटची दुरुस्ती करावयास पुतण्यास पुण्यास परतल्यावर चार रात्री लागल्या. सूचना आतां पानावर झळकली आहे.

त्या शिक्षकांच्या तीनशें पानांचें काय, हा प्रश्न मात्र कोणत्याही आज्ञावलीनें सुटण्यासारखा नव्हता. तो वहिनींनीं आपल्याकडे घेतला. पुतण्यानें त्या ओव्या मोठ्या अक्षरांत छापून धाडल्या आहेत. रोज दुपारीं वहिनी चष्मा लावून, तांबडी पेन्सिल घेऊन बसतात. ओवी गुणगुणून पाहतात, आणि दर्या कोणता व दऱ्या कोणत्या तें ठरवितात. त्यांचें माहेर याच भागांतलें असल्यामुळें पुष्कळ ओव्या त्यांना ओळखीच्या निघाल्या. आजवर एकशेंवीस पानें झालीं आहेत. जेथें अर्थावरूनही उलगडा होत नाहीं, तेथें त्या फुली मारतात आणि रविवारीं त्या शिक्षकांना फोन करून विचारतात.

वाचकांस दोन सूचना करून हें सदर पुरें करतों. आपल्या घरीं आजोबांचें चरित्र, कुलवृत्तान्त, आईच्या पाककृति असें कांहीं जुन्या टंकांत पडून असेल, तर तें आतांच युनिकोडमध्यें आणून घ्यावें. परंतु नवी प्रत शब्दन्‌शब्द वाचून होईपर्यंत मूळ फाइल कदापि पुसूं नये. आणि आपल्यापैकीं कोणाच्या मुलानें, सुनेनें, नातवानें असें एखादें लोकोपयोगी काम मोकळें केलेलें असेल व तें स्वस्थ पडलें असेल, तर त्यास एकदां विचारावें, "हल्लीं त्याकडे कोण पाहतें ?" कोणीच पाहत नसेल, तर तसें पाटीवर लिहावयास लाज वाटूं देऊं नका. पाटी नसलेल्या दारांतूनच लोक आंत येतात.